प्याद्याची दोन घरं

फँटसी आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत कल्पित जगातली पात्रं रंगवायचे खेळ, यांच्या नियमांवरून दर काही वर्षांनी वाद नव्यानं पेटतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांवर येऊन विझतो. नवी आवृत्ती आली, एखादा जुना नियम गेला, की एक गट म्हणतो, "हा आता तो खेळच राहिला नाही." दुसरा गट म्हणतो, "पन्नास वर्षांपूर्वीचं लोढणं अजून किती दिवस गळ्यात बांधून फिरायचं?" २०२४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या त्यांतल्या एका खेळाला पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी त्याची सुधारित नियमपुस्तकं यायला लागली. मग काय, दोन्ही गटांना आयतंच निमित्त मिळालं. हे गट एकमेकांचे कट्टर वैरी वाटतात खरे, पण दोघांच्या हातात हत्यार एकच आहे: नियमाचं वय. एकाला नियम जुना म्हणून प्यारा, दुसऱ्याला जुना म्हणून नकोसा. वयावरून नियमाचं वय कळतं, एवढंच. माझं म्हणणं असं की फँटसी आरपीजीतला प्रत्येक नियम टेबलावर काही ना काही काम करत असतो, कधी नावाप्रमाणे, कधी भलतंच. तो नियम काढायला माझी मुळीच हरकत नाही. पण काढणाऱ्यानं आधी ते काम ओळखावं, आणि मग एक तर ते दुसऱ्या कुणाकडे सोपवावं, नाही तर "आम्हाला हे कामच नको" असं उघडपणे सांगावं. सध्याच्या भांडणात यातलं काहीच होताना दिसत नाही.

सुरुवात बुद्धिबळापासून करतो, कारण तिथला निकाल लागून पाचेकशे वर्षं झाली आहेत आणि आता कुणाला राग येणार नाही. आपण ज्याला वजीर म्हणतो तो मोहरा एके काळी खरोखरच दरबारी वजिरासारखा राजाला चिकटून असायचा: तिरकं एक घर, बस्स. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची ताकद मिळाली. तिकडे तोवर त्याची राणी झालेली होती. मराठीनं मात्र चाल नवी घेतली आणि नाव जुनं ठेवलं. इटलीत आणि फ्रान्समध्ये या नव्या खेळाला 'पिसाळलेलं बुद्धिबळ' अशा अर्थाची नावं पडली. आज तेच अस्सल, पारंपरिक बुद्धिबळ आहे. इथपर्यंतची गोष्ट नव्याच्या कैवाऱ्यांना गोड लागेल. पण प्याद्याची गोष्टही ऐका. खेळाला वेग यावा म्हणून प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जायची मुभा मिळाली आणि एक अडचण उभी राहिली. पूर्वी समोरच्या प्याद्याच्या माऱ्यातलं घर ओलांडायचं तर त्या घरात थांबावंच लागे. आता उडी मारून सटकता येऊ लागलं. म्हणून 'आँ पासाँ' आलं: दोन घरं गेलेलं प्यादं जणू एकच घर गेलं आहे असं धरून लगेचच्या चालीत मारता येतं. शिकणाऱ्याला हा नियम विचित्र, जवळजवळ फसवणूक वाटतो. आहे ते ठिगळच, पण कुठे फाटणार हे ओळखून लावलेलं. वेग हवा होता तो घेतला, आणि प्याद्यांनी एकमेकांना अडवायचं जुनं काम बुडू दिलं नाही. फँटसी आरपीजीत प्याद्याला दोन घरं देणारे रचनाकार पुष्कळ झाले. आँ पासाँ लिहिणारे थोडे.

आता ही 'परंपरा' म्हणजे नेमकी कुठली, ते पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या पेटीतून बाहेर पडला; पहिली छपाई हजार प्रतींची. वीस बाजूंचा फासा आज या छंदाचं बोधचिन्ह आहे. पण तो टाकून वार लागला की नाही हे ठरवायची पद्धत त्या पुस्तिकांत 'पर्यायी' म्हणून दिलेली होती. मूळ अपेक्षा अशी की लढाईसाठी वाचकानं १९७१ चे 'चेनमेल' या युद्धखेळाचे नियम वापरावेत. चोर हा वर्ग (पात्राचा पेशा) पेटीत नव्हताच, तो १९७५ च्या पुरवणीत आला. सुरा असो की दोन हातांनी पेलायची तलवार, इजा सहा बाजूंच्या एकाच फाशानं मोजत. शस्त्रागणिक वेगळा फासा हीही त्याच पुरवणीची देणगी. रानातल्या प्रवासासाठी तर चक्क दुसऱ्या कंपनीच्या खेळाचा पट वापरा असं सुचवलं होतं. 'हाफलिंग' हे बुटक्या जमातीचं नाव आलं ते 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लेखकाच्या, टोलकीनच्या, हक्कधारकांनी हरकत घेतली म्हणून. सुरुवातीच्या छपाईत तो सरळ 'हॉबिट' होता. चिलखताचा आकडा जितका लहान तितकं संरक्षण मोठं, ही उलटी मोजणी पंचवीसेक वर्षं लोकांनी निमूट सोसली, आणि २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीनं ती सुलट केली तेव्हा त्यावरही उसासे टाकणारे मी पाहिले आहेत. तर मग परंपरा कुठल्या सालची धरायची? १९७४ ची, जिच्या शेवटच्या पुस्तिकेत लेखकच वाचकाला म्हणतात की तुमच्या वाटणीची कल्पना आम्ही कशाला करायची? की १९७९ ची, जेव्हा तेच गायगॅक्स डंजन मास्टरसाठी (डीएम, म्हणजे खेळ चालवणारा पंच) लिहिलेल्या जाडजूड ग्रंथाच्या प्रस्तावनेत खेळ सगळीकडे एकसारखा राहावा असा आग्रह धरतात? पाच वर्षांत एकाच माणसाच्या दोन परंपरा.

मुळात हा तंटा गायगॅक्सच्याही दीडशे वर्षं आधीचा आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसवित्स नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं 'क्रीगस्पील' हा युद्धाचा खेळ सादर केला: नकाशा, फासे, हानी मोजायचे तक्ते आणि मधोमध पंच. खेळ कामाचा होता, पण तक्ते चाळण्यात जीव जाई. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा यांनी फासे आणि तक्ते दोन्ही बाजूला सारले आणि निकाल अनुभवी पंचाच्या तोंडी दिला. खेळ मोकळा झाला, भराभर पुढे सरकू लागला. पण सगळी इमारत 'अनुभवी' या एका शब्दावर उभी होती. ज्यानं रणांगण कधी पाहिलेलं नाही असा पंच या मोकळ्या खेळात मनाला येईल ते ठोकून देणार. म्हणजे ते तक्ते नुसते वेळ खात नव्हते. कच्च्या पंचाला आधार देत होते आणि खेळाडूंना त्याच्या लहरीपासून वाचवत होते. "नियम कशाला, डीएम चांगला असला की झालं" हे वाक्य कुणी ताज्या शोधाच्या थाटात ऐकवलं की मला १८७६ आठवतं. वाक्य खरंच आहे. फक्त नियमपुस्तकाची गरज लागते ती चांगला डीएम नसलेल्या टेबलाला.

परंपरावाद्यांचा खरा मुद्दा मात्र याहून वजनदार आहे आणि तो मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. ताकद, चपळाई वगैरे सहा गुण, वर्ग, लेव्हल (पात्राची पायरी), हिट पॉइंट (पात्र किती इजा सोसेल तो आकडा) हे शब्द ठाऊक असलेले चार अनोळखी लोक अर्ध्या तासात खेळायला बसू शकतात. ही सामाईक भाषा कुणा एका रचनाकारानं दिलेली नाही, ती वापरातून साचली आहे आणि नवा खेळ कितीही देखणा असला तरी त्याला ती आयती मिळत नाही. शिवाय जुना नियम कुठे तुटतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला टेकू कुठे लावायचा हेही. नवा नियम कुठे तुटेल ते त्याच्या लेखकालाही माहीत नसतं. नव्याची किंमत नेहमी टेबल मोजतं, लेखक नाही. हे सगळं मान्य करूनही माझा प्रश्न उरतोच: सामाईक भाषा जपायची म्हणजे तिच्यातला प्रत्येक शब्द जपायचा का?

उदाहरण सोन्याचं घेतो, कारण यात दोन्ही बाजूंची फजिती आहे. जुन्या डी अँड डीत सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की अनुभवाचा एक गुण मिळे. ऐकायला हे बालिश वाटतं. पैसे मिळाल्यानं माणूस तलवार चांगली कशी चालवेल? मीही यावर मनसोक्त हसलो आहे. आता टॉम मोल्डव्हे यांच्या १९८१ च्या 'बेसिक' पुस्तिकेतले आकडे मांडा. योद्ध्याला दुसऱ्या लेव्हलला जायला २,००० गुण लागतात. एक गॉब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, मारल्याचे मिळतात ५, आणि तेही खेळाडूंच्या सगळ्या टोळीत वाटून. एकट्यानं गुण घेतले तरी ४०० गॉब्लिन झाले. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याचे हिट पॉइंट आठ बाजूंच्या एका फाशात येतील तेवढे, आणि गॉब्लिनचा एक वार सहापर्यंत जाऊ शकतो. चारशे राहू द्या, चौथा गॉब्लिन पाहायला मिळाला तरी नशीब. "लढाई टाळा" असं वाक्य लिहायची गरजच नाही. जो खेळाडू एकदा हा हिशेब करतो त्याला पहिल्याच संध्याकाळी कळतं की राक्षस म्हणजे खर्च आणि सोनं म्हणजे कमाई. मग तो ऐकायला लागतो, डोकावायला लागतो, लाच द्यायला लागतो, दोन टोळ्यांमध्ये लावालावी करायला लागतो. एका बालिश नियमानं त्याला धूर्त केलेलं असतं.

आणि बाकीचे नियम याच्याभोवती कसे बसतात ते पाहा. राक्षस दिसला की डीएम दोन फासे टाकून त्याचा कल ठरवतो, म्हणजे तो धावून येईलच असं नाही. बोलणी शक्य आहेत. लढाई जुंपलीच तर राक्षसांचं धैर्य तपासलं जातं, ते पळूही शकतात. मशाल सहा टर्न जळते, टर्न दहा मिनिटांचा, आणि दर दोन टर्नांनी सहात एक अशा शक्यतेनं भटका राक्षस येतो. एक मशाल संपेपर्यंत तीन तपासण्या, आणि त्यात एकदा तरी कुणी अंगावर येण्याची शक्यता ४२ टक्के. या भटक्यांजवळ खजिना सहसा नसतो, म्हणजे निव्वळ तोटा. त्यामुळे वेळ महाग. त्यात पुन्हा भाराचा ऐच्छिक नियम लावला तर एका माणसाला १,६०० नाण्यांहून जास्त वजन पेलत नाही. एक लेव्हल चढण्याइतकं सोनं योद्ध्याला एका खेपेत एकट्यानं बाहेर काढताच येत नाही! सोबती हवेत, हमाल हवेत, पुन्हा यायला हवं. प्रकाश, वजन, वेळ, भीती आणि हाव यांचा हा एकच विणलेला पट्टा आहे.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं सोन्याचे गुण ऐच्छिक केले, २००० च्या तिसरीनं ते काढूनच टाकले. हेतू स्वच्छ होता. वीरकथा सांगायची तर नायकानं नाणी का मोजत बसावं? म्हणून गुण आता संकटावर मात करण्याचे मिळू लागले, आणि नियमांचा सगळा भर लढाईवर असलेल्या खेळात मात करणं म्हणजे बहुतेकदा मारणं. लढाईचेच गुण म्हटल्यावर लढाई तोलाची हवी. तोलाची हवी म्हणून आकडेमोड वाढली, आकडेमोड वाढली म्हणून एक चकमक अख्खी संध्याकाळ खाऊ लागली, आणि मग त्या लांबलेल्या लढाईबद्दल लोक कुरकुरू लागले. कुरकुर करणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी सोन्याच्या नाण्याकडे बोट दाखवलं.

माझीही एक चूक नोंदवून ठेवतो. मी चालवत असलेल्या एका कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत पुढे चालणाऱ्या खेळात) मशाली आणि वजन मोजणं मी बंद केलं. कारण काय, तर कंटाळवाणा हिशेब. पहिले दोन सेशन सगळे खूश. चौथ्या की पाचव्या सेशनला लक्षात आलं की मागे फिरायची भाषाच कुणी करत नाही. पूर्वी "अजून एक दार उघडायचं, की परत जायचं" यावर अर्धा अर्धा तास भांडण जुंपायचं, आणि मी मनात म्हणायचो, यांचं भांडण एकदाचं संपू दे म्हणजे खेळ पुढे सरकेल. ते भांडण हाच खेळ होता, हे ते बंद पडल्यावर कळलं. प्रकाश अमर्याद झाल्यावर भटक्या राक्षसांना धमकावण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांनाही रजा दिली. वेळ फुकट झाल्यावर नकाशा काढणाराही पेन्सिल ठेवून मोकळा झाला. मी एकच धागा ओढला होता.

हेच मोठ्या प्रमाणावर पाचव्या आवृत्तीत दिसतं. १९८१ मध्ये पहिल्या लेव्हलच्या जादूगाराकडे दिवसाला एकच मंत्र असे आणि तो टाकून झाला की बिचारा उरलेला दिवस खंजीर फेकत बसे. हा खरा दोष होता आणि तो दूर करायलाच हवा होता. २०१४ च्या खेळात जादूगाराला हवे तितक्या वेळा टाकता येतील असे छोटे मंत्र मिळाले. उत्तम. पण त्या छोट्या मंत्रांत 'प्रकाश'ही होता. पूर्वी प्रकाश हवा तर दिवसाचा तो एकमेव मंत्र त्यावर घालवावा लागे. आता उजेड फुकट झाला, वर अर्ध्याअधिक टोळीला अंधारात दिसतं. जादूगार सुधारला आणि अंधार गेला. नियमपुस्तकात मशालीची किंमत, वजन, जळायचा वेळ सगळं छापलेलं आहेच, जसं बंद पडलेल्या गाडीचं वेळापत्रक स्टेशनावर टांगलेलं राहावं. याला मी नावीन्य म्हणणार नाही आणि परंपराही म्हणणार नाही. दोन घरं दिली, आँ पासाँ लिहायचं राहून गेलं.

इथे नव्याचे कैवारी एक हरकत घेतात आणि ती झटकण्यासारखी नाही. ते म्हणतात, हा विणलेला पट्टा वगैरे तुमचा नंतरचा साक्षात्कार आहे. १९७४ मध्ये कुणी असा आराखडा आखला नव्हता. चिलखताच्या आणि हिट पॉइंटच्या कल्पना जहाजांच्या लढाईच्या खेळांतून उचलल्याचं आर्नेसन यांनी स्वतः सांगितलं आहे. जे हाताशी होतं ते जोडलं गेलं. शिवाय त्या काळातल्या कितीतरी टेबलांवर वजन कुणी मोजत नव्हतं, धैर्याचे फासे विसरले जात होते आणि पात्र मरायला टेकलं की डीएम पडद्याआड फासा फिरवत होता. तुम्ही ज्या सुवर्णयुगाची आठवण काढता ते बहुतेकांनी कधी खेळलेलंच नाही. हे सगळं खरं आहे. पण त्यातून निघतं काय? नदीतल्या गोट्याला गोल करायचा बेत कुणी केला नव्हता, तरी तो गोल असतो आणि घरंगळतो. नियम कुठून आला यावरून तो काय करतो हे ठरत नाही. ज्यांनी वजन मोजलं नाही त्यांच्या टेबलावर तो नियम चालू नव्हता, एवढाच त्याचा अर्थ; त्यांचा अनुभव त्या नियमाविरुद्धची साक्ष होत नाही. हां, परंपरावाद्यांनीही यातून एक गोष्ट घ्यावी: "आम्ही सगळे असंच खेळायचो" हे वाक्य आता सोडून द्यावं.

कारण कामाची ही कसोटी त्यांच्यावरही उलटते. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री पात्रांच्या ताकदीला पुरुषांपेक्षा खालची कमाल मर्यादा होती. या नियमाचं काम काय? म्हणे वास्तव दाखवणं. बोटातून आगीचे गोळे सोडणाऱ्यांच्या खेळात! दुसऱ्या आवृत्तीनं ती मर्यादा काढली आणि टेबलावरचं पानही हललं नाही, कारण जे काम ती करत होती ते कुणालाच नको होतं. इथे आँ पासाँची गरज नव्हती. एल्फ आणि ड्वार्फ या माणसांहून वेगळ्या जमातींना ठरावीक लेव्हलच्या पुढे जाता येऊ नये, या नियमाची गोष्ट अधिक रंजक आहे. त्याला खरंच काम होतं: एल्फांना इतक्या सवलती आहेत की कुंपण घातलं नाही तर माणूस व्हायला कोण तयार होईल? पण हत्यार भिकार होतं. मी पाहिलेली बहुतेक कॅम्पेन त्या मर्यादेला पोचायच्या आतच बंद पडली, म्हणजे एल्फाला सवलती आज आणि दंड कधीच नाही. तिसऱ्या आवृत्तीनं मर्यादा उठवली, आणि तेवढ्यावर न थांबता माणसांना सुरुवातीलाच एक जादा कौशल्यविशेष आणि दर लेव्हलला थोडे जादा कौशल्यगुण दिले. काम तेच, कारकून नवा. ज्या आवृत्तीनं सोन्याचा धागा बेफिकीर तोडला, तिनंच इथे इतकं नेटकं शिवणकाम केलं. म्हणून एखादी आवृत्ती सरसकट बरी की वाईट या भांडणात मला गोडी वाटत नाही.

चौथी आवृत्ती, २००८ ची, म्हणजे या वादाची जखम. वरच्या लेव्हलला जादूगार सगळं करतो आणि योद्धा त्याच्या पिशव्या सांभाळतो, हा जुना रोग तिनं खरोखर बरा केला. सगळ्या वर्गांना एकच चौकट दिली: काही शक्ती कधीही, काही प्रत्येक चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. लोक संतापले. २००९ मध्ये 'पाथफाइंडर' हा तिसऱ्या आवृत्तीच्याच हाडांवर उभा केलेला खेळ आला आणि रुसलेले पुष्कळ जण तिकडे गेले. परंपरावाद्यांचं स्पष्टीकरण असं की खेळाचा आत्मा दुखावला. मला आत्म्यापेक्षा टेबलावर बसलेली माणसं दिसतात. जुन्या खेळात योद्धा आणि जादूगार यांत विषमता होती, पण ती एक गुपचूप काम करत होती. दिवसभर थकून आलेला, नुसता फासा टाकून हसायला बसलेला माणूस योद्धा घ्यायचा; रात्रभर मंत्रांच्या याद्या चाळणारा जादूगार घ्यायचा. दोघांचा गृहपाठ वेगळा होता. चौथ्या आवृत्तीनं सगळ्यांना सारखा गृहपाठ दिला. रोग गेला, पण त्याच्याबरोबर ही सोयही गेली. आणि मौज अशी की पाचव्या आवृत्तीनं चौथीतलं बरंच काही जुन्या नावांचे कपडे चढवून परत आणलं: छोटी विश्रांती, स्वतःच्या फाशांनी जखमा भरणं, न संपणारे छोटे मंत्र. त्याच लोकांनी ते आनंदानं स्वीकारलं. मग भांडण नेमकं कशावर होतं?

ओळखीच्या चेहऱ्याचंही काम असतं, हे इथे कबूल करायला हवं. तीनपासून अठरापर्यंतचे गुण घ्या. २००० पासून त्या आकड्यांचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. त्यांच्यावरून निघणारी बेरीज-वजाबाकी तेवढी लागते. तरी पाचव्या आवृत्तीनं ते ठेवले. 'पाथफाइंडर'नं २०२३ च्या फेरमांडणीत मूळ आकडे टाकून फक्त बेरीज-वजाबाकी ठेवली आणि कुणाचं काही अडलं नाही. मला विचाराल तर तीन फाशांवर तीन सहा पडून, २१६ मध्ये एकदा, अठरा आले की टेबलावर जो आरडाओरडा होतो तो मला हवा आहे. पण ही माझी आवड झाली. तिला रचनेचा सिद्धांत म्हणून मिरवणं बरं नाही.

आता नव्याच्या गटाकडे वळतो, कारण त्यांची एक समजूत मला विशेष खटकते: नावीन्य काल जन्मलं. १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये पात्र तयार करता करताच ते मरू शकायचं. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये वर्ग नव्हते, लेव्हल नव्हत्या. जे कौशल्य वापराल तेच वाढायचं. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ च्या 'पेंड्रॅगन'मध्ये सरदाराचे गुणदोष जोड्यांनी मोजलेले असत आणि फासा सांगेल तर तुमचा सरदार तुमच्या मनाविरुद्ध वागे. आज कुणी हे नियम छापले तर त्यांना धाडसी, आधुनिक म्हणतील. 'आधुनिक' हा शब्द इथे तारखेपेक्षा टोळीचं नाव म्हणून जास्त वापरला जातो. आणि टोळी झाली की कर्मकांड आलंच. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या 'अपॉकलिप्स वर्ल्ड'मध्ये दोन फाशांची बेरीज दहा किंवा जास्त आली तर यश, सात ते नऊ आली तर यश, पण किंमत मोजून. काही न मिळवता-वजावता ही मधली पट्टी ४२ टक्के वेळा लागते, म्हणजे खेळ सतत कुणाला ना कुणाला पेचात टाकत राहतो. त्या खेळात हे काम चपखल आहे, कारण त्याच्या ओसाड जगात काहीच फुकट मिळत नाही आणि प्रत्येक चालीखाली ती किंमत कोणती हे लिहिलेलं आहे. नंतर आलेल्या कितीतरी अनुकरणांनी पट्टी उचलली आणि किंमती लिहायचा कंटाळा केला. डीएम बिचारा दर पाच मिनिटांनी नवं संकट शोधत घामाघूम. एका दशकात क्रांतीचा विधी झाला. बाय द वे, दोन फासे आणि तीन पट्ट्या, प्रतिकूल, अनिश्चित, अनुकूल, असा राक्षसांचा कल ठरवायचा तक्ता १९७४ च्या पेटीतही होता.

जुन्याचे म्हणवणारे मात्र सगळ्यांत कमी जुनाट निघाले. तिसऱ्या आवृत्तीबरोबर २००० मध्ये 'ओपन गेम लायसन्स' आला, म्हणजे दुसऱ्याच्या नियमांवर स्वतःचा खेळ छापायची उघड परवानगी. ज्या आवृत्तीनं जुना खेळ मोडला असं जुने खेळाडू म्हणत, तिच्याच या परवान्याचा आधार घेऊन २००६ मध्ये 'ओस्रिक'नं पहिल्या आवृत्तीचे नियम पुन्हा मांडले. त्यामागून आणखी पुष्कळ आले. आधी नकला झाल्या, मग नकला करता करता लोकांना दिसू लागलं की कुठला नियम काय करतो, आणि मग त्यांनी बिनदिक्कत तोडफोड सुरू केली. ख्रिस मॅकडॉवल यांच्या 'इन्टू द ऑड'मध्ये वार लागला का यासाठी फासाच नाही. वार लागतोच, फक्त इजा मोजायची. पन्नास वर्षांच्या छंदातली सगळ्यांत पवित्र कृती एका फटक्यात गेली. पण लढाई धोकादायक असावी, तिच्याआधी विचार व्हावा, हे जुनं काम उलट जास्त चोख झालं, कारण आता चुकलेल्या वाराच्या आड लपायची सोय नाही.

आणि केल्सी डिओन यांचा २०२३ चा 'शॅडोडार्क'. वीस बाजूंचा फासा, वर्ग, लेव्हल, सहा गुण, सगळं पाचव्या आवृत्तीच्या खेळाडूला ओळखीचं. चिलखताची मोजणी सुलट. लेव्हल पुन्हा खजिन्यावर. कुठल्याच पात्राला अंधारात दिसत नाही. जादूगार मंत्र पुन्हा पुन्हा टाकू शकतो, प्रकाशाचाही. पण प्रत्येक वेळी फासा टाकून, आणि फासा फसला की विश्रांती घेईपर्यंत तो मंत्र गेला. मशाल जळते एक तास, खोलीतल्या खऱ्या घड्याळाचा. टर्न मोजायचे नाहीत, वहीत खुणा करायच्या नाहीत. मी ज्या हिशेबाला कंटाळून मशाली सोडल्या होत्या तो हिशेबच उरलेला नाही. पहिल्यांदा चालवला तेव्हा फोनवर वेळ लावून तो टेबलाच्या मधोमध ठेवला. अकरा मिनिटं उरलेली असताना कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांनी पाहिलं, आणि ते जुनं भांडण पुन्हा सुरू झालं: अजून एक दार, की परत?